गंगापूर, कावनई की रोटी: थंडीत सहकुटुंब वाइनच्या गावी जायचं तर कुठे?

आठ जणांचं कुटुंब निघालं, तर त्यात वाइन पिणारे फार तर तीन असतात. एकाला गाडी चालवायची असते, दोघं शाळकरी असतात आणि आजी-आजोबांच्या लेखी वाइन म्हणजे दारूच. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायच्या निर्णयावरून राज्यभर जो वाद झाला, तो कसाऱ्यापर्यंत तुमच्या गाडीतही होणार हे धरून चाला. म्हणून अशा सहलीचं ठिकाण निवडताना मी वाइनकडे शेवटी बघतो. पहिला प्रश्न हा, की जे पिणार नाहीत त्यांचा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा वेळ कसा जाणार? त्यांना कंटाळा आला, की पिणाऱ्यांच्या ग्लासातली मजाही जाते.

महाराष्ट्रात यासाठी तीन पट्टे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला नाशिक शहराला लागून असलेला गंगापूर धरणाचा परिसर, म्हणजे सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या (वाइन बनवण्याची ठिकाणं). दुसरा इगतपुरी तालुक्यातला कावनई-सांजेगावचा पट्टा. तिथे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. तिसरा पुण्याच्या पूर्वेला: दौंड तालुक्यातलं रोटी, आणि आणखी पुढे गेलात तर अकलूजजवळची फ्रातेल्ली वायनरी. दिंडोरीकडेही वायनऱ्या आहेत, पण दोन दिवस कुटुंब घेऊन राहायला म्हणून तो भाग मी सुचवणार नाही.

थंडीच का, हेही सांगायला हवं. युरोपात किंवा कॅलिफोर्नियात डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागा उघड्याबोडक्या असतात. काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात उरकलेली असते. आपल्याकडे चक्र उलटं आहे. आपल्या हवेत वेल झोपत नाही, शिवाय पावसाळ्यात फळ धरलं तर भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग ते खाऊन टाकणार. म्हणून वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, ती पुढच्या घडाची काडी तयार करायला. पाऊस सरत आला की गोडी छाटणी, ती फळासाठी. त्यामुळे डिसेंबरात बाग हिरवीगार आणि घडांनी लगडलेली असते, महिन्याच्या शेवटाकडे मण्यांत पाणी उतरू लागतं, म्हणजे ते पिकू लागतात, काळ्या जातींना रंग चढतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. ख्रिसमसच्या सुट्टीला परदेशातून घरी येणाऱ्यांनी आपल्या पाहुण्यांना हे आवर्जून दाखवावं. तिकडे बर्फाखाली असलेला वेल इथे फळाने वाकलेला असतो.

मुलांना आणखी एक गंमत दाखवता येते. खायच्या द्राक्षांची बाग मंडपावर किंवा वाय पद्धतीच्या तारांवर असते, घड डोक्यावर लटकतात. वाइनची बाग बहुधा कुंपणासारखी उभी, एकापाठोपाठ एक ओळींत असते. घड कमरेच्या उंचीवर येतात, म्हणजे लहान मुलाच्या अगदी डोळ्यांसमोर. मणी बारीक, जाड सालीचे आणि बियांचे. ते आंबट असतील असं वाटतं, पण तोडणीच्या वेळी त्यांत साखर खायच्या द्राक्षांपेक्षा जास्त भरलेली असते. फक्त तोडून तोंडात टाकू देऊ नका. बागेवर फवारण्या चालू असतात.

गंगापूर: सगळं हाताशी, गर्दीसुद्धा

सुलाबद्दल नव्याने काय सांगायचं? राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकात इथे वाइनच्या जातींची लागवड केली, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली आणि २००५ मध्ये पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली. आज ‘नाशिकला वाइन प्यायला जाऊ’ याचा अर्थ बहुतेकांच्या मनात ‘सुलाला जाऊ’ असाच असतो. आणि तिथेच घोळ आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा कुठल्याही शनिवारी दुपारनंतर तिथे गेलात, तर विश्रांती हा शब्द विसरा. मुंबईहून मित्रमंडळींच्या गाड्यांमागून गाड्या येतात, टेबलासाठी नंबर लावावा लागतो, संगीत चढं असतं. कॉलेजच्या वयाच्या मुलांना हे आवडतं. आजोबांना नाही.

तरीही गंगापूर सोडून देऊ नका, कारण न पिणाऱ्यांसाठी तीनही पट्ट्यांत सर्वांत भरलेला दिवस इथेच मिळतो. नाशिक शहर दहा-बारा किलोमीटरवर. सकाळी पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर. मोठ्या मुलांना सांगायला १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आहे, बाबासाहेबांनी सुरू केलेला. पायऱ्या चढू शकणाऱ्यांनी पांडवलेण्यांना जावं. चोवीस लेणी आहेत, आणि तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख तर सातवाहनांच्या इतिहासातला मोठा पुरावा. त्र्यंबकेश्वर तासाभराच्या आत येतं, पण सोमवारी रांगेत उभं राहण्याची तयारी ठेवा. २०२७ च्या सिंहस्थामुळे नाशिक-त्र्यंबक भागातल्या रस्त्यांवर वेळ जाईल, हेही हिशेबात धरा.

खाण्याचं सांगू लागलो तर हा आढावा तिथेच संपेल. चुलीवरची साधना मिसळ, सायंताराचा साबुदाणावडा, बुधा हलवायाची जिलबी, परतताना कोंडाजीचा चिवडा. वायनरीतलं पास्ता-पिझ्झाचं जेवण दोन वेळा झालं, की घरातल्या मोठ्यांना भाकरी आठवते. ती भाकरी गंगापूरहून वीस-पंचवीस मिनिटांवर मिळते. बाकीच्या दोन पट्ट्यांत ही सोय इतकी हाताशी नाही, आणि तीन पिढ्या सोबत असताना ही सोय लहान नसते.

मग गर्दीचं काय करायचं? उत्तर साधं आहे. सुलाची टूर सकाळच्या पहिल्या वेळेची घ्या. टाक्या, प्रेस, लाकडी पिंपांची खोली हे सगळं साधारण तासाभरात उरकतं, शेवटी चार-सहा वाइन घोट-घोटभर चाखायला देतात. मुलांना टूरला नेता येतं, टेस्टिंगमध्ये अर्थातच नाही. जानेवारीच्या उत्तरार्धानंतर गेलात, तर शनिवार-रविवारी द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रम असतो. लहान मुलांसाठी सहलीतला तो सर्वांत लक्षात राहणारा अर्धा तास. कपडे जुने घाला, डाग जात नाहीत. मग दुपारपूर्वी तिथून उठा आणि संध्याकाळ यॉर्ककडे काढा. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, पण जागा लहान आहे आणि धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसता येतं. राहायला सुलाची स्वतःची रिसॉर्टं आहेत, गंगावऱ्हेला सोमाचे व्हिला आहेत, आणि खिशाला बेताने हवं असेल तर धरणाजवळ एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट. ज्या घरात वाइनच्या बागेत मुक्काम या कल्पनेलाच हरकत आहे, तिथे हे शेवटचं नाव पुढे करा. धरणाचं पाणी तेच, थंडी तीच, आणि आजीला ‘आपण सरकारी रिसॉर्टात राहिलो’ असं सांगता येतं.

कावनई: जिथे काही करायचं नाही म्हणूनच जायचं

इगतपुरी म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. धुकं, धबधबे, भावली धरणाच्या रस्त्यावरची वाहनांची रांग. डिसेंबरात तेच डोंगर पिवळ्या गवताने झाकलेले असतात, आकाश स्वच्छ असतं आणि लांबवर कळसूबाई, अलंग-मदन-कुलंगची रांग स्पष्ट दिसते. घोटीच्या आसपास महामार्ग सोडून आत वळलात, की अर्ध्या तासात मुकणे धरणाच्या पाण्याजवळच्या बागांत पोचता.

व्हॅलोने ही शैलेंद्र पै यांची वायनरी लहान आहे. राहायच्या खोल्याही मोजक्याच. तिथे टूर म्हणजे गाइडच्या मागे तीस जणांचा घोळका नसतो. प्रश्न विचारले तर उत्तर मिळतं. व्हियोनिये, माल्बेक अशा आपल्याकडे कमी लावल्या जाणाऱ्या जातींवर त्यांनी काम केलं आहे, त्यामुळे खरोखर वाइनची आवड असणाऱ्याला इथे सुलापेक्षा जास्त मिळतं, असं माझं मत. सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा सोईरे या स्पार्कलिंग वाइनसाठी ओळखली जाते. दोन्हींसाठी आधी फोन करून वेळ ठरवा. अचानक जाऊन उभं राहण्याची ही ठिकाणं नाहीत.

आता न पिणाऱ्यांचं. इथे बाजार नाही, मिसळीची दुकानं नाहीत, मॉल तर नाहीच. कावनईला कपिलधारा तीर्थ आहे. मूळ सिंहस्थ इथेच भरत असे अशी तिथली श्रद्धा. टाकेदला जटायूची कथा सांगणारं सर्वतीर्थ आहे. आजी-आजोबांचा एक दिवस या दोन जागांवर शांतपणे जातो, आणि रांग लावावी लागत नाही. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर कावनईचा किल्ला सकाळच्या उन्हात चढून येता येतो. शेवटच्या टप्प्यात शिडी आहे, त्यामुळे अगदी लहानग्यांना खालीच ठेवा. बाकी वेळ पुस्तक, पत्ते, गच्चीवर ऊन खाणं.

ज्या घरातल्या मुलांना दर दोन तासांनी काहीतरी ‘ॲक्टिव्हिटी’ लागते, त्यांच्यासाठी ही जागा शिक्षा आहे. रात्री सातला बाहेर किर्र अंधार होतो, वारा घाटमाथ्याचा असतो, मोबाइलची रेंज येते-जाते. पण तुम्ही ‘निवांत’ हा शब्द मनापासून वापरत असाल, तर तीनांपैकी त्या शब्दाला खरं उतरणारं ठिकाण हेच. माझं मत विचाराल तर गंगापूरला एक रात्र पुरे, कावनईला दोन हव्यात. पहिला दिवस शहर अंगातून उतरण्यातच जातो.

मुंबईकरांसाठी तर आता हिशेबच बदलला आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. भिवंडीच्या बाजूने आमण्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ मात्र तसाच आहे. शनिवारी सकाळी सातनंतर निघालात, तर पुढे वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो. गाडी नसेल तर रेल्वे उत्तम. नाशिक दिशेच्या बहुतेक गाड्या इगतपुरीला थांबतात. फक्त स्थानकावरून वायनरीपर्यंतची गाडी मुक्कामाच्या ठिकाणाहूनच सांगून ठेवा.

रोटी आणि अकलूज: पुणेकरांनी नाशिकच्या आधी इकडे बघावं

पुण्याहून नाशिक २१० किलोमीटर आहे, पण पुणेकर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, चाकणच्या वाहतूक कोंडीत मोजतो. थेट रेल्वेमार्ग नाही. चाकण, मग नारायणगाव, मग संगमनेर असं करत पाच तास गेले, तर दोन दिवसांच्या सहलीतला एक दिवस रस्त्यालाच दिला. नारायणगावातून जाताना एवढं मात्र मुलांना सांगा, की भारतातल्या आधुनिक वाइनची सुरुवात ऐंशीच्या दशकात इथेच, चौगुल्यांच्या इंडेज या वाइन कंपनीपासून झाली.

याउलट रोटी सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत जाऊन बारामतीकडे वळलं की येतं. पुण्यातून दीड-दोन तास. वारकऱ्यांना रोटी माहीत आहे ते रोटी घाटामुळे, तुकोबांची पालखी तिथून चढते. त्याच गावात फोर सीझन्सची वायनरी आहे, फ्रेंच शातोच्या धर्तीची दगडी इमारत आणि भोवती बागा. आता ती ग्रोव्हर झाम्पाकडे आहे. माळरानातून येताना ही इमारत समोर उभी राहते तेव्हा थोडं हसू येतं, पण फोटो झकास येतात.

इथली खरी भर बाजूच्या गोष्टींची आहे. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगाव किंवा डिकसळला पहाटे पोचा. मच्छीमार नावेतून रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब हंस, चित्रबलाक दाखवतात. एक गोष्ट आधी विचारून घ्या. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी धरण तुडुंब असतं, चिखलाचे उथळ काठ पाण्याखाली राहतात आणि रोहित उशिरा, जानेवारीच्या शेवटाकडे जमू लागतात. कमी पावसाच्या वर्षी डिसेंबरातच दिसतात. नावाड्यांना फोन केला की ते खरं काय ते सांगतात. नाव चालवणाऱ्यांच्याच घरी चिलापीचं कालवण-भाकरी मिळते. मोरगावचा मयूरेश्वर आणि भीमेकाठचं सिद्धटेक ही अष्टविनायकातली दोन स्थानं तासाभराच्या टापूत. सुप्याच्या अभयारण्यात चिंकारा. आणि जानेवारीत वाटेवर हुरड्याची बोर्डं दिसू लागतात. गुळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, वर बैलगाडीत चक्कर. सांगायचा मुद्दा, घरातले न पिणारे जास्त असतील तर रोटीचं पारडं नाशिकला टक्कर देतं, आणि वाइन हा त्या दिवसातला एक तास उरतो.

अकलूजचं गणित वेगळं. फ्रातेल्ली माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला आहे, पुण्याहून साडेतीन तास. इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन भावांच्या जोड्यांनी २००७ मध्ये ती उभी केली. वाइन घडवण्याची धुरा टस्कनीच्या पिएरो मासी यांनी सांभाळली. त्यांची सेत्ते ही लाल वाइन, सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची, भारतीय वाइनमध्ये वरच्या पंगतीला बसते. राहण्याच्या खोल्या थोड्या, जेवणासकट, आगाऊ ठरवूनच जायचं. ज्या घरातल्या बहुतेकांना वाइनमध्ये खरा रस आहे, किंवा ज्यांना पंढरपूर करायचंच आहे, त्यांनी इथवर जावं. ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पालखी मार्गांजवळच्या या पट्ट्यात विठोबाचं दर्शन आणि सांजोवेसे एकाच सहलीत बसतात. दोन्हींचा क्रम मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा. लहान मुलांसह केवळ मौजेसाठी एवढं अंतर मला पटत नाही.

थंडीची तुलना करायची तर नाशिक जिंकतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी दरवर्षी येते, आणि गंगापूर-इगतपुरीतही पहाटे स्वेटर-मफलर लागतोच. रोटी-अकलूजकडे रात्री गारवा, पण दुपारी ऊन चांगलंच तापतं. तिथली टूर सकाळी किंवा चारनंतर.

तारखा ठरवताना

सर्वांत जास्त लोकांचा बेत फसतो तो इथे. २६ जानेवारी ड्राय डे, ३० जानेवारीही. प्रजासत्ताक दिनाला जोडून लांबलचक सुट्टी आली की खोल्या आधी भरतात आणि मग त्या दिवशी टेस्टिंग बंद असल्याचं तिथे गेल्यावर कळतं. न पिणाऱ्या कुटुंबांना उलट हा दिवस सोयीचा, बागा पाहायला कोणी अडवत नाही आणि गर्दी कमी. निवडणुकांच्या काळातही चौकशी करून निघा. वाइनसाठी राज्यात वयाची अट २१ पूर्णची आहे, त्यामुळे नुकत्याच अठरा-एकोणीसच्या झालेल्या भाच्याला ‘एक घोट’ हा प्रकार काउंटरवर चालणार नाही.

ख्रिसमस ते ३१ डिसेंबर हा आठवडा तीनही ठिकाणी टाळा. दर चढे, सेवा ताणलेली, आणि तोडणीही अजून सुरू झालेली नसते. माझ्या मते जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम: हुरडा आहे, पक्षी आहेत, थंडी आहे, बागेत तोडणीची माणसं आहेत, आणि वायनरीत प्रेस चालू असल्यामुळे टूरमध्ये नुसत्या रिकाम्या टाक्या बघाव्या लागत नाहीत. शाळेमुळे जमत नसेल तर रविवारी दुपारी पोचून सोमवारी राहा. मंगळवारी सकाळी निघा. दोन दिवस शाळा बुडेल, पण खोलीचा दर शनिवारपेक्षा बराच उतरतो आणि टेरेस जवळजवळ तुमचीच.

गाडीचं आधी ठरवून टाका. गंगापूर-सावरगाव रस्त्यावर रात्री रिक्षा मिळत नाही, कावनईत तर दिवसाही नाही. ज्या वायनरीत चाखणार तिथेच, किंवा चालत जाण्याइतक्या अंतरावर, मुक्काम असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर हॉटेलची गाडी सांगा.

म्हणून माझी विभागणी अशी. मुंबई-ठाण्याचं घर, लहान मुलं आणि देवदर्शन करणारे मोठे एकत्र: गंगापूर, सुला सकाळीच उरकून. मुंबईचंच घर, पण मुलं मोठी आणि सगळेच दमलेले: कावनई, दोन रात्री. पुण्याचं घर, कुठल्याही वयाचं: रोटी आणि भिगवण, एक मुक्काम. अकलूज पंढरीला जोडून. आणि पहिल्यांदाच चव घेणाऱ्या काकूंना कडवट लाल वाइनने सुरुवात करून देऊ नका. सुलाची लेट हार्वेस्ट शेनँ ब्लां गोड असते, जेवणानंतर थंडगार घोटभर द्या, बाकीचं मग त्या ठरवतील.